शेवटची तीन अक्षरं

फाइल उघडली आणि पाटी आलीच नाही. बाहेरून आलेली कुठलीही जुनी फाइल उघडली की आधी पडद्यावर एक करडी चौकट येते, ह्या मजकुराचा फॉन्ट तुमच्या यंत्रावर नाही असं सांगणारी, आणि कचेरीत सगळे तिला पाटीच म्हणतात. सतरा वर्षांत तिनं ती पाटी इतक्या वेळा पाहिली होती की बोट आपोआप तिच्यावरच्या बटणाकडे जायचं. आजही गेलं आणि तसंच अधांतरी राहिलं. अठरा वर्षांपूर्वी गेलेल्या बाईनं लिहिलेली वही तिच्या यंत्रावर सरळ उघडली होती, पाहुण्यासारखी दाराशी जराही न घोटाळता. मनात पाल चुकचुकली ती तेव्हाच. मग तिनं पहिली ओळ वाचली, म्हणजे वाचली कसली, नुसती पाहिली, आणि तिला घरच्या ओट्यावरचा मिठाचा डबा दिसला. डब्यावरच्या चिठ्ठीतला तोच म, किंचित डावीकडे रेललेला, आणि पोट जरा सुटलेला तोच ठ. साखरेचा स, चहाचा ह. दारावरच्या पाटीतलं आडनाव. तिच्या स्वतःच्या लग्नाची पत्रिका. तिनं फॉन्टची माहिती उघडली. सात वर्षांत ती कधी उघडावीशी वाटली नव्हती, कारण आपल्या घरातल्या वस्तू कोणी उलट्या करून बघत नाही. बनवणाऱ्याचं नाव लिहायच्या रकान्यात नवऱ्याच्या पहिल्या बायकोचं, पहिलीचं, नाव होतं, आणि त्यापुढे ते आडनाव, जे सहा वर्षांपासून हिचंही होतं.

"ताई, तब्येत बरी आहे ना?" समोरच्या टेबलावरच्या स्कॅनरवालीनं विचारलं. "चेहरा बघा कसा झालाय. पांढराफटक."

"जुनी फाइल आहे," ती म्हणाली.

"मग पाटी आली असेल."

"नाही आली."

"मग तर चांगलंच आहे की," स्कॅनरवाली म्हणाली आणि पुन्हा आपल्या यंत्राचं झाकण उचलून कागद लावू लागली.

हे चांगलं का नाही ते तिला समजावून सांगता आलं नसतं. त्यांचं काम म्हटलं तर साधं होतं. एका रूपातली कागदपत्रं दुसऱ्या रूपात नेऊन द्यायची आणि वाटेत काही सांडू द्यायचं नाही. लोकांना वाटतं, बटण दाबलं की झालं. बटण तर कोणीही दाबतं. पण फॉन्ट फाइलच्या पोटात घालून पाठवला नाही, तर पलीकडच्या यंत्राला ती अक्षरं ठाऊक नसतात आणि ते हाताला लागतील ती अक्षरं तिथे बसवतं. जुन्या मराठी फॉन्टांच्या बाबतीत तर नुसती इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं. लिंकांचंही तेच. नीट रस्त्यानं नेल्या तर जिवंत राहतात, छपाईच्या रस्त्यानं नेल्या तर शब्द निळा राहतो पण दाबला की हूं की चूं करत नाही. सगळ्यात मोठा धोका म्हणजे हे आपल्याला आपल्याच यंत्रावर कळत नाही. फॉन्ट आपल्याकडे असतोच, तेव्हा आपल्याला सगळं गोमटंच दिसतं. म्हणून कचेरीत एक कायदा होता आणि तो तिनंच केला होता. जो कोणी 'माझ्याकडे तर नीट दिसतंय' म्हणेल, त्यानं सगळ्यांना चहा करून पाजायचा. सतरा वर्षांत सगळ्यांनी पाजला होता. तिच्यावर ती पाळी एकदाही आली नव्हती, आणि ह्याचा तिला जरा गर्वच होता.

वही लेकीनं मागितली होती. लेक म्हणजे नवऱ्याची, पहिलीची. लेकीला दुसऱ्या शहरात दीड महिन्याची मुलगी होती, आणि आईची वही होती इथे, माळ्यावरच्या जुन्या कॉम्प्युटरवर, जो आता सुरू होताना दम्याच्या माणसासारखा आवाज करायचा. पहिलीला आपलं दुखणं कळलं तेव्हा लेक आठ वर्षांची होती. ही मोठी होईल, हिला मूल होईल, तेव्हा सांगायला आपण नसू, असा हिशेब करून त्या बाईनं ती वही टाइप करून ठेवली होती. बाळ रडलं तर, झोपत नसेल तर, ताप आला तर. "मावशी, तूच कर ना," लेक फोनवर म्हणाली होती. "माझ्या फोनवर उघडायला हवी. तुझ्यासारखं कोणालाच जमत नाही." ते ऐकून तिला तेव्हा बरं वाटलं होतं हे आता आठवलं आणि स्वतःचीच चीड आली. बाविसाव्या वर्षी ही मुलगी तापानं फणफणली तेव्हा चार रात्री उशाशी कोण बसलं होतं? पण ताप आला तर काय करू, हे मावशीला नाही विचारलं. ते विचारायला आई, मेलेली का असेना. मावशी कशाला, तर रूपांतराला.

आणि अक्षरं. सात वर्षांपूर्वी नवरा पहिल्यांदा कचेरीत आला तो आपल्या खात्याचा वार्षिक अहवाल घेऊन. तो वजनकाटे तपासणारा निरीक्षक. दुकानादुकानांतून पितळी वजनांची पेटी घेऊन फिरायचा. बोलायला मोजका, हसायला त्याहून मोजका. निघताना त्यानं खिशातून एक पेनड्राइव्ह काढला आणि विचारलं, "मुखपृष्ठावरचं नाव ह्या अक्षरात होईल का?" फॉन्टचं नाव नुसतं 'हात' असं होतं. तिनं तो उघडला आणि बघतच राहिली. हातानं काढलेली अक्षरं, पण कुठे मिरवणं नाही, कुठे लाडिकपणा नाही. प्रत्येक अक्षर आपली जागा ओळखून उभं. खरं सांगायचं तर ती आधी त्या अक्षरांच्या प्रेमात पडली आणि मग माणसाच्या. असा हात असलेला माणूस आत कसा असेल, ह्याचा विचार करतच तिनं त्याच्याबरोबरचा पहिला चहा घेतला होता. अक्षरं त्याचीच असणार असं ती धरून चालली. त्यानं कधी हो म्हटलं नाही आणि तिनं कधी विचारलं नाही. एकोणचाळीस वर्षांची, हिशेबी म्हणवणारी बाई, आणि धरून चालली. पत्रिकाही तिनं त्याच अक्षरांत लावली. 'आम्ही लग्न करतोय, वेळ काढून सगळ्यांनी यावं,' एवढाच मजकूर. तेव्हा लक्षात आलं की फॉन्टमध्ये ळ नाहीच. क्ष नाही, ज्ञ नाही. ह पर्यंत येऊन अक्षरं संपत होती. तिला त्याचं हसू आलं होतं; पुरुषांची सगळीच कामं अशी, शेवटचे तीन डबे घासायचे राहिलेले. दोन संध्याकाळी बसून तिनं ती तीन अक्षरं स्वतः काढली, बाकीच्यांना मान देऊन, त्यांच्यात मिसळतील अशी. ळ ला सगळ्यात जास्त वेळ लागला. त्याचा दुसरा वाटोळा फेरा तिनं किंचित आत वळवला आणि तिथेच थांबवला. पत्रिका बघून तो म्हणाला होता, "ळ छान झाला." तेवढ्यावर ती महिनाभर तरंगत होती.

संध्याकाळी घरी आली तेव्हा तो खिडकीशी बसून शर्टाचं बटण लावत होता. शिवणकाम त्याला तिच्यापेक्षा बरं जमायचं. तिनं मिठाचा डबा उचलून त्याच्यासमोर ठेवला.

"ही अक्षरं कोणाची?"

"म्हणजे?"

"डब्यावरची. दारावरची. पत्रिकेतली. तिची ना?"

त्यानं सुई कापडात खोचून ठेवली. "हो. तिचीच. तुला सांगितलं होतं ना मी?"

"नाही."

"सांगितलं असेन."

"नाही सांगितलंत, अहो. असलं काही सांगितलं असतंत तर मी विसरले असते का?"

"मला वाटलं तुला माहितीये," तो म्हणाला. "तुला इतकी आवडली, मला बरं वाटलं. इतकी वर्षं नुसती पडून होती."

मग त्यानं सांगितलं, न विचारता, आणि तेच जास्त वाईट झालं. पहिली नकाशे काढणाऱ्या कचेरीत होती. नकाशांवर गावांची, नद्यांची नावं लिहायची. डॉक्टरांनी सांगितलं, पुढेपुढे हात थरथरेल. म्हणून थरथरायच्या आधी रोज एक अक्षर काढून ठेवायचं तिनं ठरवलं, की नंतर टाइप केलं तरी लेकीला ते आईच्या हातचं दिसावं. रोज सकाळी एक. 'ह' काढला त्या दिवशी रेघ दोनदा पुसली. दुसऱ्या दिवशी पेन धरता आलं नाही. हे सगळं तो सांगत होता ते काट्यावरचं वजन सांगावं तशा आवाजात, कमी नाही, जास्त नाही, आणि तिला वाटत होतं की ह्यानं एकदा रडावं तरी, किंवा खोटं तरी बोलावं. तिनं डबा उचलून जागेवर ठेवला. चिठ्ठी भिंतीकडे केली. नंतर स्वयंपाक करताना सगळ्याच डब्यांची तोंडं एकेक करून भिंतीकडे केली, आणि भाजीत मिठाऐवजी साखर पडली. तो मुकाट्यानं जेवला.

जिवंत सवत परवडली, असं तिला दुसऱ्या दिवशी कचेरीत वही वाचताना वाटलं. जिवंत सवतीशी भांडता येतं, तिचे केस पिकतात, ती कधीतरी चुकीचं बोलते. ही चुकतच नव्हती. 'बाळ उगाच रडत नाही. आधी कपड्याची शिवण बघ, टोचत असेल.' 'झोपत नसेल तर तू आधी डोळे मीट. ते आपल्याकडे बघून शिकतं.' आणि 'औषध बाबांना मोजायला सांगू नकोस, ते चमच्याचंही वजन करतील.' इथे ती थांबली. हा विनोद तिचा होता. शब्दही जवळजवळ हेच. गेली सहा वर्षं ती तो घरी करत होती, पाहुण्यांसमोर करत होती, आणि तो दर वेळी खाली मान घालून हसायचा. मग तो कशाला हसत होता? त्या वाक्यातला 'बाबा' शब्द निळा होता. तिनं दाबला. एक फोटो उघडला. कुठल्याशा गच्चीवर तो उभा, पंचविशीतला, अंगात बाह्या दुमडलेला सदरा, आणि तोंड उघडून, डोकं मागे टाकून असा हसत होता की त्याची दाढ दिसत होती. तिनं त्याची दाढ कधी पाहिली नव्हती. सहा वर्षांत ह्या माणसाला इतकं काही हसायला आलं नव्हतं. तिनं फोटो बंद केला आणि पुन्हा उघडला. अशा एकसष्ट लिंका होत्या; ताप शब्दावरून तापाचं पान, झोप शब्दावरून झोपेचं, तिथून परत आधीच्या ओळीवर आणायला एक छोटा बाण. हात थरथरत असताना त्या बाईनं एकसष्ट वेळा हे केलं होतं. आणि सगळ्या पानांवर, त्या सुंदर अक्षरांच्या मधेमधे, कुठल्याही यंत्रावर असतोच असा बाजारातला कोरडा, काटकोनी ळ उभा होता, कारण तिचा ळ व्हायचा राहिला होता. प्रत्येक वेळी फॉन्ट बदलायचा, ळ टाइप करायचा, पुन्हा फॉन्ट बदलायचा. 'बाळ' हा शब्द वहीत दोनशेच्या वर वेळा होता.

हे सगळं दिसत असूनही तिनं ते केलं. नंतर तिनं स्वतःला पुष्कळ समजावलं, घाई होती, डोकं दुखत होतं. पण डोकं दुखत नव्हतं. पाठवायची वेळ झाली तेव्हा नेहमीची चौकट समोर आली, फॉन्ट सोबत घ्यायचा का, लिंका ठेवायच्या का, आणि तिनं ती बंद करून फाइल छपाईच्या रस्त्यानं नेली. फॉन्टसमोरची खूण काढून टाकली. इतक्या शांतपणे, की तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. झालेली पीडीएफ उघडून पाहिली. तिच्या यंत्रावर ती अर्थातच देखणी दिसत होती. मनात एक थंडगार समाधान पसरलं, असं की त्याची लाज वाटायलाही दोन मिनिटं लागली. तोवर फाइल गेली होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी लेकीचा फोन आला. मागे बाळ किरकिरत होतं.

"मावशी, अगं काहीतरी गडबड झालीये. सगळं इंग्रजी अक्षरांत येतंय. कंस, टिंबं, काहीच्या काही."

"माझ्याकडे तर नीट दिसतंय," ती म्हणाली.

समोरच्या टेबलावर स्कॅनरवालीनं मान वर केली. हिची मान मात्र वर झाली नाही.

"फक्त ळ दिसतोय," लेक म्हणाली. "गंमतच आहे. सगळ्या कचऱ्यात मधेच एक ळ, मग परत कचरा, परत ळ. आणि दाबलं तर कुठेच जात नाही. आधी तापावर दाबलं की तापाच्या पानावर जायचं बघ. उद्या हिला टोचून आणायचंय, ताप येईल म्हणालेत. मला आईचं ते पान हवं होतं." मग आवाज लहान करून म्हणाली, "मला पाठ होतं गं ते. लहानपणी रोज वाचायचे. आता ऐन वेळी आठवतच नाही."

तिनं वही उघडली. शब्द दाबून तापाच्या पानावर गेली. दुसरं काही सुचेना म्हणून वाचू लागली. "ताप आला तर घाबरू नकोस, घाबरलीस तरी आवाज घाबरवू नकोस. हात आधी गार पाण्यात धर, मग पुसून कपाळावर ठेव. कपाळ गरम लागेल, ते तुझा हात गार आहे म्हणून. थोडा वेळ तसाच ठेव. तुझ्या वेळी मी असंच करायचे आणि तू माझं बोट धरून झोपायचीस." वाचताना तिच्या लक्षात आलं की आपला आवाज त्या बाईला लागतो आहे. माळ्यावरचा तो कॉम्प्युटर सोडला तर ह्या ओळी आता जगात एकट्या आपल्याच यंत्रावर दिसतात, आपण वाचल्या तरच आहेत, नाही वाचल्या तर नाहीत. हेच तर हवं होतं ना, पहिली आपल्या मुठीत? मूठ उघडून बघितली तर त्यात एक गार हात होता आणि एका लहान मुलीचं बोट. पलीकडे लेक रडत होती. नाक ओढल्याचा आवाज आला. "अजून एकदा वाच," ती म्हणाली. तिनं पुन्हा वाचलं, आणि मग म्हणाली, "चूक माझी आहे. तासाभरात नीट करून पाठवते."

नीट करायला तास लागला नाही. नेहमीच्या रस्त्यानं गेलं की दहा मिनिटांचं काम. फॉन्ट पोटात घातला, एकसष्टच्या एकसष्ट लिंका तपासल्या, गेलेल्या आणि परत आलेल्या. स्कॅनरवालीच्या यंत्रावर, जिथे हा फॉन्ट नव्हता, तिथे उघडून पाहिली. सगळं जसंच्या तसं. जसंच्या तसं हा तर त्यांच्या धंद्यातला पहिला नियम. आपल्या पदरचं काही घालायचं नाही, त्यांचं काही काढायचं नाही, चुकलेली वेलांटीसुद्धा चुकलेलीच न्यायची. ती पाठवणार, तेवढ्यात 'बाळ' शब्दावर नजर अडकली. ब पहिलीचा, हातचा. त्याच्या शेजारी तो परका, बाजारचा ळ. असं दोनशेच्या वर वेळा. हेवा गेला होता अशातला भाग नाही. तो आपला पोटात होता तिथेच होता, आणि त्यानंच तिला सुचवलं की काय कोण जाणे. तिनं पहिल्या पानापासून सुरुवात केली आणि प्रत्येक बाजारी ळ निवडून तिथे आपला ळ बसवला. एकेक, हातानं, सगळे एकदम बदलायची सोय असताना. बाळ, वेळ, डोळे, सगळं, कपाळ. दोन तास लागले. दया म्हणून करतोय की घुसखोरी, हे तिला ठरवता आलं नाही. वहीतला एक क्ष आणि दोन ज्ञ मिळाले, तेही तिनं सोडले नाहीत. मग फाइल पाठवली आणि उठून सगळ्यांसाठी चहा केला. कशाबद्दल ते स्कॅनरवालीला माहीत होतं, पण ती शहाणी बाई. मूग गिळून चहा प्यायली.

रविवारी सकाळी लेकीचा फोन आला. ताप आला होता आणि उतरला होता. बाळानं बोट धरलं होतं. "मावशी, वही इतकी छान उघडतेय," ती म्हणाली. "आणि मला एक करून देशील? पाळण्यावर लावायला आईच्या अक्षरात नुसतं 'बाळ' असं लिहून हवंय, मोठं. आईचा तो ळ बघितलास तू? शेवट कसा आत वळवून सोडलाय. मी काल कितीतरी वेळ बघत बसले होते. आईला काय एकेक सुचायचं."

तिच्या जिभेच्या टोकावर आलं. माझा आहे तो. दोन संध्याकाळी घालवल्यात त्याच्यावर. तुझ्या आईचा ह ला संपला, त्यापुढचं माझं आहे. लहानपणी पाठ केलेल्या वहीत कसला ळ होता, आठवत नाही का तुला? पण लेक तो इतक्या प्रेमानं आईचा म्हणत होती, जसं दुखणाऱ्या दाताभोवती जीभ फिरावी.

"तिचा हात चांगलाच होता," ती म्हणाली. "करून देते."

फोन ठेवला तेव्हा नवरा ओट्याशी उभा होता. भिंतीकडे तोंड केलेले डबे तो एकेक करून सरळ करत होता. साखरेचं जेवण पुन्हा नको असेल.

"काय म्हणत होती?"

"तुमच्या पहिल्या बायकोचा ळ आवडलाय तिला. पाळण्यावर हवाय."

त्याच्या हातात तांदळाचा डबा होता. त्यानं चिठ्ठीवरचं 'तांदूळ' वाचलं आणि शेवटच्या अक्षरावर अंगठा ठेवला.

"हा तर तुझा आहे," तो म्हणाला. "ती ह वर थांबली होती. ळ, क्ष, ज्ञ तुझे." वजन सांगावं तसा, कमी नाही, जास्त नाही. "तू सांगितलं नाहीस तिला?"

"नाही."

"का?"

सात वर्षं हा माणूस हे मोजून बसला होता. कोणाचं कुठे संपतं, कोणाचं कुठे सुरू होतं. आणि ती समजत होती की ह्याला सगळी अक्षरं सारखीच. तिला हसू आलं आणि त्याबरोबर रडूही, आणि दोन्ही एकदम आल्यानं काहीच धड झालं नाही. आता सांगायचं तर लेकीच्या पाळण्यावरून एका मेलेल्या बाईचा अर्धा शब्द उचलून आणावा लागणार. असू दे तिच्याकडे. पण एकाला माहीत होतं. पुरे होतं तेवढं, नव्हतंही.

"राहू दे," ती म्हणाली. "माझ्याकडे नीट दिसतंय."

मग स्वतःच्याच कायद्याला स्मरून तिनं चहाचं आधण ठेवलं, आणि तो तिच्या शेजारी उभा राहून साखर मोजू लागला.